घड्याळांमागचा माणूस

डहाणूला आमच्या घरी रविवारची जेवणे उरकली की ओसरीवर चटई पसरली जाते, चिकूच्या फोडींची ताटली मधोमध येते आणि एक खेळ सुरू होतो. हा खेळ माझ्या भाच्याने घरात आणला. तो तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. वर्गातल्या मुलांसाठी त्याने जुन्या लष्करी विमानांची छायाचित्रे जमवली आणि पुठ्ठ्यांवर चिकटवली. पण या छायाचित्रांत ना पंख दिसतात, ना शेपटी, ना नाकावरचा पंखा. दिसते ती फक्त वैमानिकाच्या पुढ्यातली जागा, म्हणजे कॉकपिट. घड्याळांसारख्या गोल तबकड्यांच्या रांगा, मधे उभा दांडा, हाताशी खटके, पायाशी दोन पेडल. एवढ्यावरून विमान कोणते ते ओळखायचे. उत्तर पुठ्ठ्याच्या मागे लिहिलेले असते.

आमच्या भागाला विमाने नवी नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादला इंधन भरून जुहूला उतरले. नकाशावर अहमदाबाद ते जुहू अशी पट्टी ठेवून पाहा, रेघ डहाणूवरून जाते. आजही मुंबई-गुजरातची विमाने माथ्यावरून जाताना ऐकू येतात. पण खालून दिसते ते विमानाचे पोट. आत बसलेला माणूस काय पाहतो हे खालच्याला कधीच दिसत नाही. म्हणून भाच्याने मुद्दाम आतली बाजू दाखवायचे ठरवले.

एकदा वर्गातल्या एका मुलीने त्याला अडवले. पुठ्ठ्यावरचे विमान तिने बरोबर ओळखले होते, पण तिचा प्रश्न निराळाच होता. इतकी घड्याळे आहेत, तर कोणते कुठे बसवायचे हे ठरवतो कोण? भाच्याला चटकन उत्तर देता आले नाही. रविवारी तो प्रश्न घेऊन घरी आला. त्या दिवशी खेळ बाजूला राहिला आणि मी त्याला ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच आज इथे सांगतो आहे. पण त्याआधी खेळ कसा खेळतात ते पाहू, कारण त्याशिवाय या माणसाचे मोल कळणार नाही.

आतल्या खुणा

कॉकपिट ओळखायला तांत्रिक ज्ञान लागत नाही, नजर लागते. डोक्यावर छप्पर नाही, एकामागे एक दोन भोके आणि खाली मोठे गोल होकायंत्र असले, तर ते बहुधा टायगर मॉथ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपले वैमानिक ज्यावर पहिले धडे गिरवत, ते हे लाकूड आणि कापडाचे विमान. यात गुरू पुढे आणि शिष्य मागे बसत असे आणि वाऱ्याच्या घोंगावण्यातून गुरूचा आवाज एका नळीवाटे शिष्याच्या कानापर्यंत पोहोचे.

दांड्याच्या टोकाला फावड्याच्या मुठीसारखे गोल कडे असेल आणि डाव्या बाजूला छोटेसे दार असेल, तर स्पिटफायर म्हणावे. त्यात चाके आत घ्यायचा खटका उजवीकडे असे. उजव्या हातातला दांडा डाव्या हातात घेतल्याशिवाय तो खटका ओढता येत नसे. त्यामुळे नवख्या वैमानिकाचे विमान उड्डाण केल्याबरोबर क्षणभर डुलताना दिसे. खटक्याची जागा कागदावर ठरवणाऱ्याने काय ठरवले, हे खाली उभ्या असलेल्यांनाही असे कळत असे.

समोर मधोमध सहा घड्याळांचा चौकोन दिसला, वेग, उंची, दिशा, विमानाचा कल, चढउताराचा दर आणि वळण दाखवणारा, तर विमान इंग्रजी वळणाचे. ब्रिटिश हवाई दलाने १९३७ च्या सुमारास ही मांडणी सर्वत्र एकसारखी केली. एका विमानातून दुसऱ्यात गेलेल्या वैमानिकाची नजर चुकू नये, हा त्यामागचा हेतू. आतला रंग हिरवा असेल तर अमेरिकेचा संशय घ्यावा. निळसर हिरवा, मोरपिशीकडे झुकणारा असेल तर रशिया. मिग-२१ च्या तबकड्यांवर वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये असते, शिवाय समोरच्या फळीवर वरून खाली एक पांढरी रेघ ओढलेली असते. विमान गरगरत खाली येऊ लागले आणि वैमानिकाला काही सुचेनासे झाले, तर दांडा त्या रेघेच्या सरळ रेषेत आणायचा. भांबावलेल्या माणसासाठी कुणीतरी आधीच विचार करून ठेवलेली ती रेघ आहे.

आमच्या घरची मंडळी या खेळात आता तरबेज झाली आहेत. पण एक पुठ्ठा सगळ्यांना फसवतो. दोन आसने एकामागे एक, वर काचेचे सरकते छप्पर, मांडणी इंग्रजी वळणाची. जो तो विलायती नाव घेतो. मागे मात्र लिहिलेले असते: एचटी-२, हिंदुस्तान एअरक्राफ्ट, बंगळूर, १९५१. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले हे पहिले लष्करी शिकाऊ विमान. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते आखले गेले ते डॉ. विष्णू माधव घाटगे. तलासरीच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर ते याच माणसापासून सुरू करावे लागते.

हसूरचंपूचा मुलगा

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे खेडे आहे. हिरण्यकेशी नदीचा हा मुलूख, मराठी आणि कानडी जिथे एकमेकींच्या अंगणात खेळतात असा. तेव्हा तो कोल्हापूर संस्थानात होता. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म इथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी झाला. अमेरिकेत राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले त्याला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल गेले, तेव्हा हा मुलगा दोन वर्षांचा होता. ज्या यंत्रात त्याने पुढे सारे आयुष्य घातले, ते यंत्र त्याच्याच वयाचे होते म्हणायला हरकत नाही.

गणितात गती असलेल्या खेड्यातल्या मुलाने त्या काळी फार तर वकील व्हावे, मास्तर व्हावे किंवा संस्थानात नोकरी धरावी. घाटगे पुण्या-मुंबईला शिकले आणि विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी जर्मनीची वाट धरली. विलायतेला जाणारे पुष्कळ होते, बॅरिस्टर होऊन येणारेही होते. हवेचा अभ्यास करायला परदेशी जाणारा मात्र विरळा. ते पोहोचले गॉटिंगेनला, लुडविग प्रांटल यांच्याकडे.

प्रांटल हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक नाही, पण जगातले प्रत्येक विमान त्यांचे ऋणी आहे. १९०४ साली त्यांनी एक साधी वाटणारी गोष्ट दाखवून दिली. आपल्या डहाणूच्या खाडीत ओहोटीला पाणी ओढीने जात असते, पण अगदी काठाला चिकटून असलेले पाणी जवळजवळ हलत नाही. विमानाच्या पंखावरून जाणाऱ्या हवेचेही तसेच असते. पंखाला लगटून हवेचा एक पातळ थर रेंगाळतो. हा थर पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते, आणि तो पंखापासून सुटला तर पंख आपली उचलण्याची शक्ती गमावतो. वैमानिक ज्याला विमान बसले म्हणतात ते हेच. दिसायला काहीच नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून.

घाटगे गॉटिंगेनला होते तो काळ बरा नव्हता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच विद्यापीठातून माक्स बोर्न आणि रिखार्ड कूरंट यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना घालवून देण्यात आले. ज्ञानाचे माहेरघर म्हणून ज्या गावाची ख्याती, तेच गाव डोळ्यांदेखत ओसाड होत होते. अशा दिवसांत कोल्हापूरकडचा हा तरुण आपली गणिते करत राहिला आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतला.

परतला, पण कशासाठी? देशात विमानाचा एकही कारखाना नव्हता. विमानविद्येचा डॉक्टर झालेल्या माणसाला इथे शिकवण्यापलीकडे काम नव्हते. घाटगे शिकवू लागले.

वालचंदांचा कारखाना

त्यांच्या विद्येला काम देणारा माणूस सोलापूरचा निघाला. वालचंद हिराचंद. बांधकामाची मोठमोठी कंत्राटे, जहाजे, साखर अशा उद्योगांत हात घातलेल्या या उद्योजकाची १९३९ साली विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत. बोलण्यातून बेत निघाला, म्हैसूर संस्थानाने जागा आणि पाठबळ दिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. कारखान्यात घेतलेल्या पहिल्या मोजक्या भारतीय अभियंत्यांत डॉ. घाटगे होते.

सुरुवात सुटे भाग जोडण्यापासून झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो जातीचे अमेरिकन शिकाऊ विमान बंगळूरला जोडून उडवण्यात आले. त्याच युद्धाच्या धामधुमीत घाटगे यांनी दहा जण बसतील असे इंजिन नसलेले विमान, म्हणजे ग्लायडर, आखले. ते एक नमुना म्हणूनच राहिले, त्याची रांग काही निघाली नाही. पण भारतीय माणसाने कोऱ्या कागदावर रेघ ओढली आणि त्या रेघेचे हवेत तरंगणारे यंत्र झाले, हे त्या कारखान्यात घडले.

मग कारखान्याचे रूपच बदलले. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने तो ताब्यात घेतला आणि पुढे तिथे अमेरिकी सैन्याच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्तीत नव्या आखणीला जागा नसते. पण बंगळूरातच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ च्या अखेरीस विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या उभारणीचे काम घाटगे यांच्याकडे आले. गॉटिंगेनला मिळालेले ज्ञान आता इथल्या मुलांपर्यंत पोहोचणार होते. पुढे ज्या हातांनी भारतीय विमाने आखली, त्यांतल्या काहींचे पहिले धडे इथले.

युद्ध संपले, अमेरिकन गेले. कानपूरला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने मोडून टाकलेली पडली होती. कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून पत्रे कापलेले, इंजिनांत वाळू ओतलेली. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी कानपूरला जाऊन त्या सांगाड्यांतून चाळीसच्या आसपास विमाने उडण्याजोगी केली. ती एकेक करून बंगळूरला उडवत आणणारे वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. कॉकपिटमधली किती घड्याळे खरे बोलत असतील याचा भरवसा नसताना त्यांनी ती आणली. हे नाव ध्यानात ठेवा, कारण घाटगे यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आसनावर तेच बसलेले असणार होते.

कोऱ्या कागदापासून

१९४८ साली शिकाऊ विमानाची आखणी हाती घ्यायचे ठरले आणि ते काम घाटगे यांच्या चमूकडे आले. लढाऊ विमान न आखता शिकाऊ विमान का, असे कुणालाही वाटेल. पण हवाई दलाची मुळाक्षरे शिकाऊ विमानावर गिरवली जातात. ते फार अवघड असेल तर मुले मरतात आणि फार सोपे असेल तर मुले गाफील राहतात आणि पुढच्या वेगवान विमानात मरतात. त्याने चूक माफ करावी, पण चूक झाली हे कळूही द्यावे. आखणाऱ्याच्या अंगी शिक्षकाचा स्वभाव असावा लागतो आणि घाटगे शिक्षक होतेच.

टायगर मॉथ लाकूड-कापडाचे होते. आपल्या उन्हापावसात लाकूड फुगते, कापड विरते, डिंक सुटतो. एचटी-२ संपूर्ण धातूचे करण्यात आले. टायगर मॉथला एकावर एक पंख, याला एकच आणि तोही खालच्या अंगाला. टायगर मॉथला छप्पर नव्हते, याला काचेचे सरकते छप्पर. दोन आसने मात्र एकामागे एकच ठेवली, म्हणजे शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून लढाऊ विमानात बसल्यासारखे मधोमध बसायची, दोन्हीकडचा पंख सारखा दिसायची सवय लागावी.

तलासरीच्या मुलीला हवे असलेले उत्तर इथे आहे. घड्याळ कुठे बसवायचे हे ठरवताना आखणाऱ्याला आधी आसनावर एक माणूस बसलेला कल्पावा लागतो. त्याची उंची किती, त्याचा हात कुठवर पोहोचतो, घाबरला तर तो प्रथम कुठे पाहील, डोळे बाहेर लावून चाचपडत हात घातला तर कोणता खटका लागेल. शिवाय मागे बसलेल्या गुरूला तेच सगळे मागच्या फळीवर हवे, आणि शिष्याचा हात चुकला तर क्षणात ताबा घेता यायला हवा. घड्याळांची फळी म्हणजे न भेटलेल्या मुलाशी आखणाऱ्याने आधीच केलेला संवाद असतो. सहा घड्याळांचा इंग्रजी चौकोन घाटगे यांच्या चमूने मोडला नाही, आणि तेच शहाणपणाचे होते. इथे शिकलेला मुलगा पुढे विलायती लढाऊ विमानांतच बसणार होता. त्याची नजर तिथे चुकून चालणार नव्हते.

ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या धावपट्टीवरून एचटी-२ प्रथम उडाले. चालवत होते जमशेद मुन्शी. नव्या विमानाचे पहिले उड्डाण म्हणजे खाली उभ्या असलेल्या आखणाऱ्याची आणि वर गेलेल्या वैमानिकाची एकत्र परीक्षा. कागदावरचे गणित एकाने केलेले आणि त्यावर जीव दुसऱ्याचा. त्या दिवशी दोघेही उत्तीर्ण झाले. स्वातंत्र्याला चार वर्षे होत होती. सुई आपल्याकडे बनत नाही असे हिणवून बोलण्याचे ते दिवस होते आणि एका कोल्हापूरकराच्या चमूने आखलेले, एका पारशी वैमानिकाने उडवलेले भारतीय विमान सुखरूप उतरले होते.

अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. हवाई दलात त्यांनी टायगर मॉथची जागा घेतली आणि तीस वर्षांहून अधिक काळ आपले वैमानिक त्यावर शिकले. आफ्रिकेतल्या घानाने नुकतेच स्वातंत्र्य मिळवले होते, त्या देशाच्या हवाई दलासाठीही बारा एचटी-२ गेली. पुढच्या युद्धांत हंटर, नॅट, मिग उडवणाऱ्या कित्येक वैमानिकांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती घाटगे यांच्या विमानातून.

नावाच्या पाट्या

आता त्या पुठ्ठ्याकडे परत वळू. आमच्या घरचे सगळे फसतात ते उगीच नव्हे. एचटी-२ चे १५५ अश्वशक्तीचे सिरस इंजिन इंग्लंडहून आलेले. तबकड्या बनवणारे कारखानेही तेव्हा आपल्याकडे नव्हते. कॉकपिटमधल्या नावाच्या पाट्या वाचल्या तर भारत सापडायचा नाही. मग भारतीय काय होते? घड्याळे कुठे असावीत हा निर्णय भारतीय होता. पंखाचा बाक, शेपटीचे माप, आसनातले अंतर, हे सारे इथे ठरले होते. तबकडी विकत घेता येते, पण ती कुठे बसवावी हे कळण्याची अक्कल विकत मिळत नाही. त्यासाठी घाटगे यांच्यासारख्या माणसाला गॉटिंगेनला जावे लागले आणि परत यावे लागले.

ही अर्धीच जीत आहे हेही खरे, आणि ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? १९५६ साली बंगळूरला कुर्ट टँक आले. दुसऱ्या महायुद्धातले जर्मनीचे गाजलेले फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यांचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताचे पहिले लढाऊ जेट, मरुत, आखले गेले आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. मरुतचे श्रेय टँक यांचे. पण त्यांना बंगळूरला जे भारतीय आरेखक आणि कारागीर मिळाले, ते आकाशातून पडले नव्हते. कोऱ्या कागदावरून विमान करता येते हे या कारखान्याने दहा वर्षांपूर्वीच एचटी-२ मध्ये करून पाहिले होते.

मरुतची अडचण इंजिनाची झाली. ज्या जोरकस ब्रिटिश इंजिनावर आखणी बेतली होती, त्याची पुढची वाढ इंग्लंडमध्ये थांबली आणि ती पुरी करून घेण्यासाठी पैसे घालायला आपण तयार झालो नाही. मग कमी ताकदीची दोन ऑर्फियस इंजिने बसवून काम भागवावे लागले. इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनाचीही चाचपणी झाली, पण तीही तडीस गेली नाही. सुबक अंगाचे विमान, पण दम अपुरा. तरी १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मरुतनी चोख काम केले. एकूण १४७ बांधली गेली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले मरुत आमच्या भाच्याने लहानपणी पाहिले आणि तिथूनच त्याला हे वेड लागले.

घाटगे यांची आखणी मात्र थांबली नाही. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक १९५८ मध्ये उडाले, लष्कराच्या टेहळणीसाठी कृषक १९५९ मध्ये. आणि मग किरण. ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडालेले हे जेट शिकाऊ विमान. आमच्या खेळात किरण चटकन ओळखू येते, कारण त्यात आसने शेजारी शेजारी आहेत. एचटी-२ मध्ये शिष्य आणि गुरू एकामागे एक, किरणमध्ये खांद्याला खांदा लावून. जेटच्या वेगात गुरूला शिष्याचा चेहरा आणि हात दोन्ही दिसावेत, हा त्याचा फायदा. एकाच कारखान्याने तेरा वर्षांत दोन वेगळी उत्तरे दिली, कारण प्रश्न बदलला होता. १९९६ ते २०११ या काळात सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी माना वर करून पाहिल्या, त्यांनी किरणच पाहिले. इंजिन तिथेही विलायतीच होते.

१९६५ साली सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री दिली. डिसेंबर १९९१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षात ते गेले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते, बंगळूरला सभागृहाला त्यांचे नाव आहे. विमानविद्येच्या वर्तुळात ते विसरले गेलेले नाहीत. पण महाराष्ट्रात दहा घरी विचारून पाहा. गडावर कोण लढले ते सांगणारी नऊ घरे निघतील, एचटी-२ कुणी केले ते सांगणारे एखादे निघाले तरी नशीब.

पुठ्ठ्याची मागची बाजू

यात कुणाचा दोष काढायचा? वैमानिकाचे छायाचित्र येते, विमानाचे येते, युद्धाचे येते. घड्याळाची जागा ठरवणारा माणूस छायाचित्रात कधीच नसतो. त्याचे काम चांगले झाले तर ते जाणवतही नाही. हात आपोआप बरोबर खटक्यावर जातो आणि वैमानिकाला वाटते आपलाच हात हुशार. काम चुकले तरच त्याची आठवण होते. इंजिन स्वतःचे नसल्याची बोच घाटगे यांच्या पिढीने सोसली आणि ती आजही आपली पाठ सोडत नाही. आपल्या मातीत आखलेले तेजस हे लढाऊ विमानसुद्धा अमेरिकन इंजिनावर उडते. हिशोब प्रामाणिक मांडायचा तर त्यांच्या खात्यात ही उणीवही लिहावी लागेल. पण रेघ ओढायला आपण कुणाची वाट पाहायची नाही, एवढे त्यांनी १९४८ सालीच ठरवून टाकले होते.

भाच्याने आता सगळ्या पुठ्ठ्यांच्या मागे विमानाच्या नावाखाली आणखी एक ओळ वाढवली आहे: आखणारा कोण. स्पिटफायरच्या मागे रेजिनाल्ड मिचेल, मरुतच्या मागे कुर्ट टँक, एचटी-२ च्या मागे विष्णू माधव घाटगे, हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज. गावाचे नाव त्याने मुद्दाम घातले. तलासरीच्या मुलांना गॉटिंगेन लांबचे वाटते, तालुका हा शब्द ओळखीचा वाटतो.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला त्याने ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी ती वहीच्या पानावर एक कॉकपिट काढून घेऊन आली. भाच्याने ते आम्हाला दाखवायला आणले होते. घड्याळे तिने थोडी खाली काढली आहेत आणि खटके जवळ ओढले आहेत. भाच्याने कारण विचारले तेव्हा कळले, की बाकावर बसून, हात पुढे करून, आपला हात जिथवर पोहोचतो तिथवरच तिने सगळे बसवले होते.